गच्चीची किल्ली

बादली कमरेवर, चिमट्यांची पिशवी मनगटात आणि गच्चीची किल्ली दातांत धरून ती दाराची कडी काढत होती, तेवढ्यात नवऱ्यानं वाट अडवली.

"आज वर जायचं नाही. डोळे मीट."

"अहो, कपडे ओले आहेत," ती दातांतली किल्ली काढून म्हणाली.

"म्हणूनच मीट."

लेकीनं हात धरून तिला आतल्या बाल्कनीत नेलं. डोळे उघडले तर समोर एक पांढरंशुभ्र यंत्र, वर लाल फीत. कपडे वाळवायचं यंत्र! सकाळी तिला भाजीला पिटाळलं होतं ते हे बसवून घ्यायला. आज सुट्टी, त्यात तिचा वाढदिवस ना!

"तीन जिने चढायचे, तीन उतरायचे, रोज! मला बघवत नव्हतं गं," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

माणूस वाईट नव्हता हो. तेच तर अवघड. वाईट असता तर कडाकडा भांडता आलं असतं. ती "अय्या" म्हणाली, हसली, आणि कमरेवरची बादली खाली ठेवली.

तिचा दिवस म्हणजे घाण्याला जुंपलेला. नऊ ते सहा कानाला फोन. कुणाचा पंखा फिरत नाही, कुणाची शेगडी पेटत नाही, त्या सगळ्यांच्या शिव्या गोड आवाजात ऐकायच्या. फोन ठेवला की घरच्यांच्या हाका सुरू. त्यातली पंचवीस मिनिटं तेवढी तिची होती. वर टाकीमागे, कपड्यांच्या दोऱ्यांपाशी, फोनला रेंज नव्हती आणि खालची हाक पोचत नव्हती. तिथे दोन चादरींच्या मधे उभी राहून ती शीळ घालायची. खणखणीत, एकामागून एक गाणी. बारा वर्षं संसार झाला, पण ही बाई शीळ घालते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती पंचवीस मिनिटं पोटात गेली की मग उरलेला दिवस कसाही ढकलता यायचा.

"यात काय काय घालायचं नाही?" तिनं विचारलं.

"घ्या! आधी काय नाही ते!" नवरा हसत हसत माहितीपुस्तक उघडून बसला. "लोकर नाही. रबर नाही."

"चादरी?"

"चालतात."

"डबलच्या? जाड?"

"चालतात की."

"पडदे तरी..."

"अगं, सगळं चालतं! तू फक्त बटण दाबायचं आणि आरामात बसायचं."

तिनं बटण दाबलं. यंत्र घुर्र करायला लागलं आणि ती आरामात बसली. पहिल्या पाच मिनिटांत लेकीला कंपासपेटी सापडेना. मग नवऱ्याला चहा लागला. मग पुन्हा लेक, कारण कंपासपेटी सापडली पण आत पट्टी नव्हती. तासाभरानं यंत्र वाजलं. लेकीनं गरम टॉवेलात तोंड खुपसून "मस्त!" म्हटलं, आणि घड्या घालायला आईला हाक मारली.

नवरा चपला घालत होता. हातात गच्चीची किल्ली. "सोसायटीत परत देऊन टाकतो. गच्चीच्या दोनच किल्ल्या आहेत, तळमजल्यावाल्या बाई कधीच्या मागतायत."

"उद्या द्या की."

"आता कशाला अडवून ठेवायची? आपल्याला नाही लागत."

तिला सुचलं ते एवढंच, की कपाटातली धुतलेली, इस्त्री केलेली चादर काढायची आणि न्हाणीघरात जाऊन नळाखाली धरायची. निदान आजचा एक दिवस वर जायला निमित्त. चादर भिजून जड झाली. दारात काठी वाजली म्हणून तिनं मान वर केली. सासूबाई.

"डाग राहिला होता," ती घाईघाईनं म्हणाली.

सासूबाईंनी चादरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. आता बोलणी बसणार हे नक्की. पाणी वाया घालवलेलं त्यांना मुळीच खपत नसे. पण त्या वळल्या आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या,

"अरे ए! किल्ली कुठे घेऊन निघालास?"

"परत द्यायला. आई, आता यंत्र आलंय ना..."

"तुझं यंत्र तुला लखलाभ. माझे कपडे मी असल्या डब्यात भाजून घेणार नाही. अंगाला खाज सुटते. मला उन्हात वाळलेले लागतात."

"अजून एकदाही घातले नाहीस, तर खाज कुठून?"

"सुटेल म्हटलं ना! माझे गाऊन वरच वाळतील. रोज. आणि एवढ्या लांब जायचंच आहे तर चादरीही तिथेच घाला. ठेव ती किल्ली."

सासूबाईंच्या तक्रारीवर या घरात अपील नव्हतं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. बायकोकडे बघून "सॉरी गं" असं ओठांनीच म्हणाला आणि किल्ली खिळ्याला अडकवून सोफ्यावर जाऊन बसला.

ती नळापाशी तशीच उभी होती. चादरीचं पाणी पायांवर पडत होतं. रडू येत होतं, हसूही येत होतं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्हाला कसं..."

सासूबाईंनी हात लांब करून नळ बंद केला.

"भिजवायची कशाला?" त्या हळूच म्हणाल्या. "गुडघे धड होते तोवर मी तर कोरडेच कपडे वर न्यायचे."