उरलेला जोड

निर्णा गावची आम्ही मॅट्रिकची पोरं-पोरी अच्युतराव सरांबरोबर चिंचोळीच्या रानात सहलीला गेलो होतो. एका पडक्या देवळाबाहेर चपला काढून आत गेलो. बाहेर येऊन सगळ्यांनी आपापल्या घातल्या, तरी एक जोड उरला.

"गुराख्याचा असंल. चला," सर म्हणाले.

चिखलाचा ओढा ओलांडून आम्ही डोंगर चढलो. वरच्या देवळातून बाहेर आलो, तर आमच्या चपलांत तोच जोड होता. त्याला ओढ्याचा ओला चिखल लागला होता.

"सर, ह्यो आपल्यामागं यायलाय की!" नरसिंग म्हणाला.

इंदिरानं भीत भीत हात लावला. "अजून गरम हाय. आत्ताच काढलाय कुणीतरी."

सरांनी आमच्यावर नजर फिरवली. आम्ही सगळेच बाहेर होतो.

तेवढ्यात देवळातून आवाज आला, "थांबा की सर, मी बी यायलोय."