कुसाकाबे घराण्याची सून

बसमध्ये तोमोएच्या शेजारची जागा रिकामी होती. तरी तिच्या सासूबाई, किनु कुसाकाबे, मुद्दाम पुढच्या सीटवर बसल्या. तिथून मागे वळून नीट भांडता येतं.

"त्सुजी!" त्या म्हणाल्या. "कुसाकाबे सोडून त्सुजी!"

"माहेरचं आहे, आई. ते नाव घेऊनच जन्मले मी."

"बाजारात दगड भिरकाव, चार त्सुजींना लागेल."

बाकीचे प्रवासी आपापल्या मोबाइलमध्ये आणखी खोल शिरले.

नवऱ्याचं, शूहेईचं वर्षश्राद्ध उरकल्यावर तोमोएने घरात सांगून टाकलं होतं, की मी नवऱ्याचं आडनाव उतरवणार आणि माझं परत घेणार. आज ती योनागोच्या नगरपालिकेत अर्ज द्यायला निघाली होती. सासूबाई ठेवणीतला कोट घालून, न विचारता बरोबर आल्या होत्या. तिथल्या खिडकीपाशी त्या रडल्या, तर आपल्याच्याने कागद पुढे सरकवला जाणार नाही, हे तोमोएला पक्कं ठाऊक होतं. आणि आज जमलं नाही, तर पुन्हा कधीच जमणार नव्हतं.

"दिराला विचारलंस?"

"विचारावं लागत नाही."

"आणि मला?"

"तुम्हालाही नाही. कुणाचीच सही लागत नाही."

"वा! मुदत तरी असेल? नवरा गेल्यावर इतक्या महिन्यांत वगैरे?"

"मुदत नाही. कधीही करता येतं."

"कधीही!" सासूबाईंनी दांड्यावर थाप मारली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "असला कायदा करून ठेवलाय, आणि माणसाला पत्ता नाही! मग नवऱ्याची पेन्शन? ती बंद होणार ना?"

"नाही. चालू राहते."

"पेन्शन त्याची आणि नाव बापाचं! लाज नाही वाटत सरकारला."

तोमोएने पर्समधली कागदपत्रं पुन्हा मोजली.

"आणि थडगं?" सासूबाई थांबायचं नाव घेईनात. "शूहेईशेजारी तुझं नाव कोरलंय, लाल रंग भरून. तो कोण खरवडणार?"

"पाथरवटाशी बोललेय."

"तुझे सासरे गेले तेव्हा माझंही कोरलं तिथे. तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. तेव्हापासून लाल होऊन बसलंय. मी मेले की रंग पुसायचा, एवढंच काम बाकी. मी बोलले कधी काही?"

"नाही, आई."

"नाही ना? मग!"

तेवढ्यात तोमोएचा फोन वाजला. सेंदाईहून दीर होता.

"वहिनी, चारशे वर्षांचं नाव आहे!" मासानोबुचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला. "तुम्ही आमच्या घराला काळिमा फासताय! आईला द्या फोन!"

सासूबाईंनी फोन हिसकावला. "ओरडू नकोस. मी बरोबर आहे ना तिच्या? काय करायचं ते मी बघते."

मग त्यांनी फोन बंद केला आणि आपल्याच पर्समध्ये टाकला.

नगरपालिकेत तोमोएने टोकन घेतलं, अर्ज भरला, आणि बाकावर बसून मनात घोकू लागली. रडल्या तरी मागे फिरायचं नाही. ओरडल्या तरी नाही. चक्कर आली तर मात्र पाणी द्यायचं.

सासूबाई तिकडे चौकशीच्या खिडकीपाशी एका मुलीला झापत होत्या. तिच्याकडून त्यांनी एक कागद घेतला, लांबच्या टेबलावर जाऊन बसल्या आणि लिहू लागल्या. टेबलालाच इजा करायची असावी, इतका पेन दाबून. तक्रार असणार, तोमोएला वाटलं. माझीच. आता ती वाचून दाखवतील, सगळ्यांसमोर.

"कुसाकाबे-सान," खिडकीतून हाक आली.

तोमोए उठली. सासूबाई कोपर मारून तिच्या पुढे गेल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोपरात एवढी ताकद असते, हे तिला नवीन होतं. तिने डोळे मिटून घेतले.

कारकून दोघींकडे बघत राहिला. "आडनावाचा अर्ज आपल्यापैकी कुणाचा?"

सासूबाईंनी हातातला कागद खिडकीत आपटला.

"दोघींचा. आणि माझा आधी घ्या. मी हिच्या लग्नाच्या आधीपासून ताटकळतेय."