रिकामं बोट

होणाऱ्या सासूबाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी मुलीचा हात पाहिला. बोट रिकामं होतं. म्हणजे शेजारीण म्हणाली ते खरंच. तुमची सून दिवसभर बिनअंगठीची वावरते हो, लग्नाला मनापासून तयार आहे ना, विचारा तरी एकदा, असे तिने कान भरले होते. आणि कान एकदा भरले की माणसाला घरात चैन पडत नाही.

मुलगी लेथवर वाकलेली. पितळेचा दांडा गरगर फिरत होता आणि त्याचा पिवळा कीस खाली पडत होता. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात तिचे वडील, घरी बाबा आणि इथे वस्ताद, चष्मा कपाळावर चढवून एका चालू पंपाला कान लावून उभे होते. त्यांनी मात्र पाहिलं. विहीणबाई स्वतः आल्या म्हटल्यावर त्यांची जी धांदल उडाली! स्टूल पुसलं, फडकं खांद्यावर टाकलं, खांदा काळा झाला तसं ते काढून पुन्हा स्टूलच पुसलं.

मशीन थांबलं. मुलीने वळून पाहिलं आणि तिचा हात आपोआप पाठीमागे गेला. नेमकं तेच सासूबाईंनी टिपलं.

"साखरपुड्याची अंगठी कुठेय गं?" त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणला. "हे बघ, मनात नसेल तर मोकळेपणाने सांग. माझ्या मुलाला मी समजावीन. पण भिडेपोटी हो म्हणू नकोस."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या मुलासाठी तिचा जीव किती तुटतो, हे असं वडिलांसमोर, तेलकट हातांनी उभं राहून कसं सांगायचं? तिने आपलं सांगता येण्यासारखं तेवढं सांगितलं. फिरत्या मशीनपाशी अंगठी घालायची नसते, अडकली तर बोटासकट जाते. वस्तादांचा तो पहिला नियम. सकाळी आल्या आल्या ती अंगठी काढून फळीवरच्या डबीत ठेवते आणि मशीन बंद केलं की आधी ती घालते, मग हात धुते. दाखवतेच, म्हणत तिने डबी हातावर उपडी केली.

पितळी वायसर पडले. पिवळेधमक, अंगठीसारखेच गोल, नुकतेच तिने केलेले. अंगठी नव्हती.

मुलीने डबी पुन्हा झटकून पाहिली. कोपऱ्यातला पंप तेवढा चालू होता. कितीतरी दिवस खडखडून त्याने वस्तादांचं डोकं उठवलं होतं, आणि आज बेटा गुपचूप चालला होता. मुलीने पंपाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"वस्ताद, मघाशी वायसर कुठून घेतलात?"

वस्ताद खुलले. डबीतूनच की. तू केलेले सगळे मीच त्यात टाकले, आणि त्यातला एक असा चपखल बसला म्हणून सांगू, असं म्हणत त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मुलीच्या तळहातावर नजर गेली आणि तिथून थेट पंपावर. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

सासूबाईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, हसता हसता स्टुलावर बसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंची अंगठी हो ती. जन्मभर त्यांनी कुणाला सुखाने बसू दिलं नाही. आणि इथे बघा, पंपसुद्धा शांत केला."

पंप उघडला. दिवा सासूबाईंनीच धरला. अंगठी निघाली, वंगणाने माखलेली, एका अंगाला बारीकसा ओरखडा. आता तिच्या जागी तेवढ्याच जाडीचा वायसर हवा. मुलीने माप घेतलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. बघता बघता तिच्या जिभेची शेंडी दातांत आली आणि शेजारी कोण उभं आहे हेच ती विसरून गेली. सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. घरात हिचं नाव निघालं की त्यांच्या मुलाचा अगदी असाच होत असे. इतकं जीव लावून काम करणारी मुलगी वरवरचं हो कशाला म्हणेल? शेजारणीला काय कळतंय!

नवा वायसर बसला, पंप चालला, आणि गप्पच राहिला. मुलीने पुसलेली अंगठी घ्यायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी ती स्वतःच डबीत टाकली.

"मशीन कुठे बंद झालंय अजून?" त्या म्हणाल्या, आणि जरा लाजत त्यांनी विचारलं, "मला जमेल का गं हे? एकदाच."

आतापर्यंत काकू काकू करणारी मुलगी म्हणाली, "जमेल की, आई. पण आधी ती काढा."

सासूबाईंच्या बोटातली अंगठी लग्नात घातली ती कधी निघालीच नव्हती. दोनदा ओढून पाहिली, हलेना. वस्तादांनी तेलाची बुधली आणली आणि एक थेंब सोडला. अंगठी सुळकन हातात आली. खाली गोरापान वळ होता. सासूबाईंनी रिकामं बोट उजेडात धरून मागूनपुढून पाहिलं, घरी एवढं सांगू नका म्हणाल्या, आणि आपली अंगठी सुनेच्या अंगठीवर टाकली.

मुलीने डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती वस्तादांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली.