काठीनं सरकवलेलं पाणी

इबोलाच्या साथीत कैलाहून शहराजवळच्या एका गावात बाइंदूच्या आईला ताप चढला. आरोग्य केंद्रातली नर्स अंगणाबाहेरूनच म्हणाली, "दवाखान्याची गाडी येईपर्यंत तिला हात लावू नकोस. मीही रक्त तपासायला बोटाला सुई टोचणार नाही. वरून तसा हुकूमच आहे."

गाडी तीन दिवस आली नाही. बाइंदू दारात उभी राहून पाण्याचा पेला लांब काठीनं आईकडे सरकवायची.

"कोंबडीला तरी हातानं दाणे टाकतेस," म्हातारी कण्हतच हसली. "मी तिच्यापेक्षाही गेलेली का गं?"

"आये, माझी दोन लेकरं आहेत गं."

"ठाऊक आहे, पोरी. सरकव. सांडू नकोस."

चौथ्या दिवशी पेला भरलेलाच राहिला. जिवंतपणी बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायला जिच्याकडे कुणी फिरकलं नाही, तिच्या तोंडातला नमुना घ्यायला मेल्यावर पांढऱ्या पोशाखातले चौघे आले. मेलेल्या बाईला गावातल्या बायकांनी अंघोळ घालायची, ही तिथली रीत. हिला न्हाऊ न घालताच पिशवीत बांधून, वर क्लोरीन फवारून पुरलं.

आठवड्यानं सरकारी माणूस आला आणि कुणी आत-बाहेर करू नये म्हणून घराभोवती बांधलेली दोरी सोडू लागला. आनंदाची बातमी द्यावी तसा त्याचा चेहरा फुलला होता.



"सुटलात बाई! तुमच्या आईला इबोला नव्हताच. साधा मलेरिया असणार, गोळ्यांनी बरी झाली असती."