शब्द कुणालाही देऊ नका

पाहुण्याचा पुढचा प्रश्न आला तेव्हा हमाल नुकताच ऑफिसातून परतला होता. बुटांचे बंदही अजून सुटले नव्हते.

‘हमाल’ हे त्याचं टोपणनाव. दिवसा तो एका विमा कंपनीत संगणकासमोर डोळे फोडायचा आणि उरलेल्या वेळात फुकटात मोबाइलमधलं एक पाकीट सांभाळायचा. त्या पाकिटात लोक आभासी चलन ठेवत. तिथे कोणी नाव विचारत नसे, पत्ता विचारत नसे, आणि ज्या प्रोग्रॅमवर ते चालायचं तो साऱ्या जगाला वाचायला खुला होता. सांभाळणारे सुरुवातीला पुष्कळ होते. मग कोणाला लेकरं झाली, कोणी कंटाळलं, एकेक करून सगळे गळाले. ओझं याच्या एकट्याच्या पाठीवर आलं, तेव्हा बायकोने थट्टेत हे नाव ठेवलं आणि त्याने तेच पाकीट वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन मदतकक्षात लावलं.

‘पाहुणा’ हे त्या मदतकक्षात नव्याने आलेलं कोणीतरी होतं. घरी बसून केलेल्या कामाचे पैसे परदेशातून यायचे आहेत, ते घरात कोणाला न कळता ठेवता येतील का, असं आधी विचारून झालं होतं. मग बँक काय वाईट, असं हमालाने विचारलं. त्यावर उत्तर आलं होतं, की बँकेचं सगळं घरातला माणूसच बघतो. माणूस चांगला आहे. मारत नाही, ओरडत नाही. फक्त सगळं त्याच्याच हातात आहे.

हमालाने काय ते ओळखलं. अशा बायका याआधीही येऊन गेल्या होत्या. त्या न पाहिलेल्या नवऱ्याची त्याला मनापासून चीड आली.

आजचा प्रश्न होता, ‘तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?’

दमलेल्या माणसाने ठरलेलं उत्तर दिलं. आमच्यावर ठेवूच नका, प्रोग्रॅम उघडा आहे, वाचून खात्री करून घ्या.

‘मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग?’

हजारो लोक ते पाकीट वापरत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, की दुसरं कोणीतरी वाचतच असेल. खरं सांगायचं तर अलीकडे कोणीच वाचत नव्हतं. त्याने तसंच लिहिलं, ‘सध्या मी एकटाच वाचतो. म्हणजे शेवटी माझ्यावरच ठेवावा लागेल. नाही ठेवलात तरी राग नाही.’

मग एवढंच आलं, ‘खरं बोललात. ठेवते.’

जेवताना त्याने बायकोला हे सांगितलं. आई आधीच जेवून आपल्या खोलीत गेली होती. आईची औषधं, आईची बँक, विजेचं बिल, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यात आईने मैत्रिणीकडे राहायला जाण्याचं टुमणं पुन्हा लावलं होतं आणि त्याने ते पुन्हा हसण्यावारी नेलं होतं. माणसाने एका दिवसात करायचं तरी किती?

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘आणि त्या माणसाला कळलं तर?’

‘कळू दे. कमाई तिची, आयुष्य तिचं.’

‘असं तुला खरंच वाटतं?’

‘म्हणजे काय?’

ती ताटं उचलून आत गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याने पाहुण्याला एकेक पायरी शिकवली. पाकीट कसं उघडायचं, पैसे कसे घ्यायचे, फोन हरवला तर काय करायचं. पाहुणा हळू शिकायचा, पण एकदा शिकलेलं पुन्हा विचारायचा नाही. परवलीच्या शब्दांपाशी मात्र गाडी अडली. ते शब्द ज्याच्याकडे, पाकीट त्याचं, असं त्याने बजावलं होतं.

‘घरातल्या माणसाने मागितले तर?’

‘नाही द्यायचे. मलासुद्धा नाही.’

‘काळजीपोटी मागत असेल तर?’

कंटाळून, पण मनापासून त्याने लिहिलं, ‘काळजी करणारा किल्ली मागत नाही.’

याच सुमाराला त्याला जाणवलं, की तो खोलीत आला की बायको फोन पालथा ठेवते. मनात पाल चुकचुकली, पाहुणा म्हणजे हीच तर नाही? मदतकक्षातला माणूस कुठून लिहितो, हे शोधणं त्याला अवघड नव्हतं. पण इथे कोणी माग काढत नाही, तेवढ्यासाठीच लोक येत होते. एका संध्याकाळी त्याचा हात तिथपर्यंत गेलाही. त्याने तो मागे घेतला आणि बायकोलाही काही विचारलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिला.

रविवारी सकाळी आई वाचनालयात गेली. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. तो मदतकक्षातली तुंबलेली उत्तरं देत बसला होता. खांदे भरून आले होते. तेवढ्यात पाहुण्याचा निरोप आला. पैसे आले होते, शब्द पाठ झाले होते, आता राहायची सोयही झाली होती आणि घरातून निघणंही झालं होतं. तुमच्यामुळे धीर आला, असं लिहिलं होतं.

त्याने दाराकडे पाहिलं. बायको दारातच उभी होती, हात पुसत, त्याच्या चेहऱ्याकडे बघत. ती घरातच होती. त्याचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तो मोकळं हसला आणि पाहुण्याला लिहिलं, ‘सुखरूप पोचा. त्या माणसाला काही सांगायचं राहिलं असेल तर आता सांगून टाका.’

उत्तर लगेच आलं.

‘सांगते. बाळा, आता ऊठ आणि जेवून घे. सूनबाईवर चिडू नकोस, तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं. माझी गाडी सुटली.’