चार्जिंगपुरता मुक्काम

बनुबाई खिडकीतून वायर बाहेर सोडत होत्या, तोवर ऋषिराजची नवी गाडी अंगणात येऊन उभीही राहिली. ना आवाज, ना धूर. मांजरासारखी आली. दारातल्या कोंबड्यासुद्धा जागच्या हलल्या नाहीत.

बनुबाईंनी पोरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीला कुंकू लावलं. सोप्यात त्याचं अंथरूण सकाळीच घालून ठेवलं होतं. पोरगं आलं म्हणजे रात्रीला राहणार, हे ठरलेलंच. पुण्याहून शिराळ्याला येईस्तोवर त्याच्या जुन्या गाडीचा दम संपायचा, आणि घरच्या प्लगावर ती भरायला अख्खी रात्र लागायची.

ती रात्र म्हणजे बनुबाईंचा सण. एरवी घरात बोलायला एक टीव्ही, आणि तो कुणाचं ऐकून घेत नाही. गाडी प्लगाला लागली की मायलेकरं सोप्यात पडून डोळा लागेपर्यंत बोलायची. वायरमन तानाजी म्हणालाही होता, "काकी, जाड वायर वढून मोठा पॉइंट देतो, गाडी लवकर भरंल." बनुबाई घाईघाईनं म्हणाल्या, "नगं रं बाबा, बारकाच बरा हाय." खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांबरोबर त्या बारक्या प्लगालाही हळदकुंकू लागायचं.

पण बॅटरी म्हातारी झाली. भरलेली टिकेना. गेल्या दिवाळीत ऋषिराज येताना हायवेवर अडकला. फोन लागेना. बनुबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या, जीव टांगणीला लागलेला. तिथूनच त्यांनी गावच्या अंबाबाईला हात जोडले, "आई, माज्या लेकाची बॅटरी पुन्ना वाटंत संपू दिऊ नगंस. खणानारळानं वटी भरीन तुजी."

आता ऋषिराजनं हसत त्यांच्या हातातली वायर घेतली, गुंडाळली आणि खिडकीत ठेवून दिली.

"आई, हिची आता गरजच न्हाई. ही गाडी एका चार्जिंगमधी पुण्यास्नं येऊन माघारी जाती. वाटंत थांबाय नगं, का हितं रात काढाय नगं."

"म्हंजी आजच जानार तू?"

"जेवतो आन् निघतो. सकाळी मीटिंग हाय."

तो पोटभर जेवला. रश्श्याला नावाजलं. "आता माजी काळजी सोड," असंही म्हणाला. बनुबाईंनी स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवलं. दुःख करायचं तर कशाचं? पोरगं सुखरूप पोचणार होतं. त्यांना तेच तर हवं होतं.

दिवस कलताना गाडी आली तशी मुकाट निघून गेली. मागचे तांबडे दिवे उसाआड गेले आणि बनुबाईंना रडू फुटलं. त्यांनी ते अडवलं नाही.

मग त्यांनी सोप्यातलं अंथरूण गुंडाळलं, ट्रंकेतला खण काढला, नारळ घेतला आणि देवळाची वाट धरली. कोपऱ्यावर शेजारची मंगल भेटली.

"आवं काकी, ऋषिराज आलाय न्हवं मुक्कामाला? आन् तुमी देवळाकडं कशा?"

"गेला तो," बनुबाई म्हणाल्या. "अंबाबाई पावली मला."