मुख्याध्यापिकेचं पान

शाळेची वेबसाइट निघाली, तेव्हा मुख्याध्यापिकेच्या पानावर योगेश्वरीबाईंचा फोटो लागला. बाईंनी त्या पानाचा पत्ता देवरी गावभर वाटला.

"बाई, हा पत्ता तुमचा नाही, खुर्चीचा हाय," संगणक शिकवणारे खेमराज सर म्हणाले. "उद्या दुसरं कोणी बसलं, तं इथं त्याचाच फोटो दिसन."

"फोटो माहा, तं पत्ता माहाच. का खुर्चीवर डोळा हाय तुमचा?" बाईंनी भर स्टाफरूममध्ये विचारलं. सगळे हसले.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, नागपूरच्या विहिणीला दाखवायला म्हणून बाईंनी मोबाइलवर तोच पत्ता उघडला. फोटो खेमराज सरांचा होता.

"शेवटी बसलाच," बाई पुटपुटल्या.

विहिणीने फोटोखालच्या ओळी मोठ्याने वाचल्या.



"योगेश्वरीबाई म्हणायच्या, हा पत्ता त्यांचाच. गावातल्या बऱ्याच जणांसाठी तो खरंच त्यांचा आहे. तुम्ही बाईंना शोधत आला असाल, तर त्यांचं पान इथं जपून ठेवलं आहे."